क्लाइडकाठचे गिरणीगाव

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला एक पितळी बिल्ला आहे आणि त्यावर एक क्रमांक कोरलेला आहे. आजोबांचे नाव त्यावर कुठेही नाही. मुंबईच्या एका गिरणीत, सूत कातायच्या रिंग खात्यात, त्यांनी उमेदीची सगळी वर्षे घालवली. कोकणपट्टीत अशा ट्रंका अनेक घरांत सापडतील. आपल्याकडे गिरणी आणि गाव हे कायम दोन वेगळे पत्ते राहिले: गिरणी मुंबईत, गाव इकडे, आणि दोहोंच्या मधे आधी बोट, मग एस.टी., आणि महिन्याची मनीऑर्डर. म्हणूनच गिरणी आणि गाव एकाच माणसाने, एकाच नदीच्या काठी, एकाच वेळी उभे केले अशी ठिकाणे जगात होती हे वाचले, तेव्हा ती समजून घ्यावीत असे मला मनापासून वाटले.

अशा वसाहतीला आदर्श औद्योगिक गाव म्हणतात. कारखानदार कारखान्यासोबत कामगारांची घरे बांधतो. मग दुकान, शाळा, दवाखाना, सभागृह अशी एकेक सोय येते आणि रोजच्या जगण्याचे नियमही तोच ठरवतो. ब्रिटनमध्ये अशी अनेक गावे झाली. ब्रॅडफर्डच्या धुराला आणि कॉलऱ्याला कंटाळून टायटस सॉल्टने १८५३ मध्ये शहराबाहेर लोकरीची गिरणी सुरू केली आणि तिच्याभोवती सॉल्टेअर वसवले. साबण बनवणाऱ्या लीव्हर बंधूंनी १८८८ मध्ये पोर्ट सनलाइट बांधायला घेतले, आणि चॉकलेटवाल्या कॅडबरी कुटुंबाने बोर्नव्हिल. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या माळरानावर १९१० मध्ये उभारलेली किर्लोस्करवाडी याच जातकुळीतली. परंतु या सर्वांच्या कितीतरी आधीचे आणि पुढच्या अनेकांनी ज्याच्याकडे पाहून धडे घेतले ते गाव म्हणजे स्कॉटलंडमधले न्यू लॅनार्क. या लेखात त्याचीच ओळख करून द्यायची आहे, कारण तिथे आपल्या आजोबांसारखेच लोक सूत कातत होते.

पहिला प्रश्न असा की गिरणीवाल्याला गाव बांधायची गरज का पडावी? याचे उत्तर दयाबुद्धीत शोधण्याआधी पाण्यात शोधायला हवे. १७६९ मध्ये रिचर्ड आर्कराइट याने पाण्यावर चालणाऱ्या सूतकताई यंत्राचे पेटंट घेतले. चरख्यावर कातणारी बाई पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) एका हाताने ओढत जाते आणि चातीमुळे (फिरत्या टोकदार काडीमुळे) त्याला पीळ बसतो. आर्कराइटच्या यंत्रात ओढण्याचे काम रुळांच्या जोड्या करत. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा वेगाने फिरे, त्यामुळे मधला कापूस ताणला जाऊन बारीक होई आणि खालची चाती त्याला पीळ देई. असे यंत्र माणसाच्या हाताने फिरवता येत नाही. त्यासाठी मोठे पाणचक्र लागते आणि पाणचक्रासाठी बारमाही वाहणारे, उंचावरून पडणारे पाणी. असे पाणी डोंगरदऱ्यांत असते आणि डोंगरदऱ्यांत वस्ती नसते. त्यामुळे गिरणी पाण्यापाशी गेली आणि माणसे गिरणीपाशी आणावी लागली. माणसांना आणायचे तर त्यांच्या डोक्यावर छप्पर हवे. औद्योगिक गावाचा जन्म इथून झाला.

ग्लासगोच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरवर क्लाइड नदी एका अरुंद घळीतून उड्या घेत खाली येते. त्यातला कोरा लिन हा धबधबा सुमारे ८४ फूट उंचीचा आहे. ग्लासगोचा व्यापारी डेव्हिड डेल याने १७८४ मध्ये आर्कराइटला सोबत घेऊन ही जागा पाहिली, १७८५ मध्ये बांधकाम काढले आणि १७८६ मध्ये पहिली गिरणी सुरू झाली. आर्कराइट लवकरच भागीदारीतून बाहेर पडला. नदीचे पाणी गिरणीपर्यंत आणण्यासाठी खडकातून बोगदा खणून पुढे पाट काढला होता. कोकणातल्या माणसाला ही रचना वेगळी समजावून सांगायला नको. वरच्या अंगाला बंधारा घालून पाटाने पाणी बागेत आणायचे आणि सुपारीच्या आळ्यांत सोडायचे, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. फरक एवढाच की तिथला पाट आळ्यांत न जाता एकामागून एक उभ्या असलेल्या चार गिरण्यांच्या चाकांवर पडत होता.

हा डेल स्वतः गरिबीतून वर आलेला माणूस होता. एअरशरमधल्या एका किराणा दुकानदाराचा हा मुलगा लहानपणी गुरे राखत असे, मग विणकर झाला, मग गावोगाव फिरून लिननचे सूत विकत घेऊ लागला आणि अखेर ग्लासगोतला बँकर झाला. पहिली गिरणी ऑक्टोबर १७८८ मध्ये आगीत जळून गेली, तेव्हा त्याने वर्षभरात ती पुन्हा उभी केली.

गिरणी उभी राहिली, पण कामाला माणसे कुठून आणायची? आजूबाजूचे शेतकरी दिवसभर चार भिंतींत कोंडून घ्यायला तयार नव्हते. उत्तरेकडच्या डोंगराळ हायलँड प्रदेशात मात्र जमीनदार कुळांना हटवून जमिनी मेंढ्यांसाठी मोकळ्या करत होते, आणि देशोधडीला लागलेली कुटुंबे अमेरिकेच्या वाटेला लागली होती. १७९१ मध्ये स्काय बेटावरून निघालेले असेच एक जहाज वादळाने ग्रीनॉक बंदरात ढकलले. डेलने त्यातल्या लोकांना काम आणि घर देऊ केले आणि बरेच जण अमेरिकेला न जाता न्यू लॅनार्कला राहिले. केथनेस या अगदी उत्तरेच्या भागातूनही माणसे आली. तिथल्या एका चाळवजा इमारतीला आजही केथनेस रो म्हणतात. गिरगावात किंवा परळमध्ये एखाद्या गाळ्याला त्यातल्या माणसांच्या गावाच्या नावाने ओळखले जावे, तसेच हे. खडकाळ जमीन, लहान तुकडे, खाणारी वाढती तोंडे आणि समोर समुद्र ही परिस्थिती रत्नागिरी जिल्ह्याला (त्यात तेव्हा आजचा सिंधुदुर्गही आला) चांगलीच परिचयाची आहे.

तरीही बहुतेक काम मोठ्या माणसांच्या हाती नव्हते, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. १७९३ मध्ये गिरणीत ११५७ कामगार होते आणि त्यांतली ७९५ मुले होती. त्यांतली कित्येक एडिंबरा आणि ग्लासगोच्या अनाथ व निराधार मुलांसाठीच्या आश्रमांतून आणलेली होती. सहा-सात वर्षांच्या मुलांची लहान बोटे तुटलेला धागा चटकन सांधत आणि चालू यंत्राखाली शिरून कापसाची धूळ झाडत. सकाळी ६ ते संध्याकाळी ७ काम, मधे जेवणाखाण्याची दीड तासाची सुट्टी, आणि त्यानंतर रात्री ९ पर्यंत शाळा. त्या काळाच्या मानाने डेल हा दयाळू मालक समजला जाई: मुलांना स्वच्छ कपडे, पोटभर जेवण, झोपायला हवेशीर खोल्या आणि शिक्षक मिळत. पण तेरा तासांनंतर पाटीवर मान टाकणाऱ्या मुलाला कोणती अक्षरे आठवणार, हा प्रश्न पुढच्या मालकाला पडला.

हा पुढचा मालक म्हणजे रॉबर्ट ओवेन. वेल्समधल्या न्यूटाउन गावात १४ मे १७७१ रोजी त्याचा जन्म झाला. दहाव्या वर्षी तो घर सोडून निघाला, कापडाच्या दुकानात उमेदवारी केली, आणि विशीतच मँचेस्टरच्या एका मोठ्या सूतगिरणीचा व्यवस्थापक झाला. डेलची मुलगी कॅरोलाइन हिच्याशी त्याचा परिचय झाला आणि तिच्या वडिलांना भेटायला काहीतरी निमित्त हवे म्हणून त्याने गिरणी विकणार का, असे विचारले. डेलने खरोखरच विकायची तयारी दाखवली! ६०,००० पौंडांना, वीस वर्षांच्या हप्त्यांनी, ओवेनने भागीदारांसह ती विकत घेतली. सप्टेंबर १७९९ मध्ये लग्न झाले आणि १८०० च्या पहिल्या दिवशी त्याने कारभार हाती घेतला.

ओवेनच्या डोक्यात एक विचार पक्का बसलेला होता: माणूस चांगला निघेल की वाईट, हे त्याच्या परिस्थितीवर ठरते. चोरी, दारू, भांडणे यांसाठी कामगाराला शिक्षा करण्यापेक्षा त्याचे घर, काम आणि बालपण बदलावे. गिरणीवाले आपल्या लोखंडी यंत्रांना तेलपाणी देतात, त्यांची झीज जपतात, मग जिवंत यंत्रांना तेवढीही काळजी का देत नाहीत, असा प्रश्न त्याने इतर कारखानदारांना जाहीरपणे विचारला. माणसाला यंत्र म्हणणे आज कानाला खटकते, पण समोरच्या श्रोत्यांना त्यांच्याच भाषेत गाठण्याचा तो प्रयत्न होता असे मला वाटते.

या विचारातून आलेली एक वस्तू जवळून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ बोटाएवढा लाकडाचा चौकोनी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजूंना चार रंग: पांढरा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे चांगले, निळा म्हणजे जेमतेम, काळा म्हणजे वाईट. आदल्या दिवशीच्या वागणुकीप्रमाणे देखरेख करणारा माणूस तो ठोकळा फिरवून योग्य रंग पुढे आणी, आणि त्याची नोंद वहीत होई. कोणी शिवी द्यायची नाही, मारायचे नाही, दंड करायचा नाही. ओवेन फेरी मारताना नुसता ठोकळ्याकडे पाही आणि पुढे जाई. ज्याला नोंद चुकीची वाटे त्याला थेट ओवेनकडे दाद मागता येई. या ठोकळ्याला ‘मूक देखरेख्या’ असे नाव पडले होते. त्या काळी इतर गिरण्यांत मुलांच्या पाठीवर पट्टे पडत, हे लक्षात घेतले तर ही मोठी सुधारणा होती. पण आजोबांचा बिल्ला हातात घेऊन मी जेव्हा त्या ठोकळ्याचा विचार करते, तेव्हा जाणवते की बिल्ला संध्याकाळी खिशात घालून माणूस चाळीत जाई आणि तिथे तो क्रमांक उरत नसे. ठोकळ्याचा रंग मात्र गावभर त्याच्याबरोबर जात असला पाहिजे, कारण शेजारी तेच, दुकान तेच आणि मालकही तोच.

घरांच्या बाबतीतही असेच होते. दर आठवड्याला घरांची स्वच्छता तपासायला मंडळी येत आणि गावातल्या बायका त्यांना चिडून ‘ढेकूण शोधणारे’ म्हणत. हिवाळ्यात रात्री साडेदहानंतर बाहेर फिरायला मनाई होती. सुरुवातीला लोकांचा या नव्या, परक्या वेल्श मालकावर अजिबात विश्वास नव्हता. तो बसला एका संकटात. अमेरिकेने कापसाची निर्यात रोखली, भाव कडाडले आणि गिरण्या बंद पडू लागल्या. ओवेनने यंत्रे चार महिने थांबवली, पण यंत्रे पुसून ठेवण्याच्या कामाच्या बदल्यात सर्वांना पूर्ण पगार दिला. त्यात ७,००० पौंडांहून अधिक रक्कम गेली. गिरणी बंद आणि पगार चालू, हे वाक्य १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाचे दिवस पाहिलेल्या कोणत्याही गिरणी कामगाराच्या घरात वाचून दाखवावे, म्हणजे न्यू लॅनार्कच्या लोकांना काय वाटले असेल ते कळेल.

गावातले दुकान हा दुसरा मोठा बदल. त्या काळी अनेक कारखानदार पगाराऐवजी चिठ्ठ्या देत आणि त्या फक्त मालकाच्याच दुकानात, भेसळीच्या आणि महाग मालावर चालत. ओवेनने घाऊक भावाने चांगला माल आणून किंचित नफ्यावर विकला आणि तो नफा शाळेवर खर्च केला. सहकारी भांडारांची चळवळ पुढे १८४४ मध्ये रॉचडेलच्या विणकरांनी रुजवली, तिच्यामागे ओवेनच्या विचारांची प्रेरणा होती. आजारपणाच्या निधीसाठी कामगारांच्या मजुरीतून साठावा हिस्सा जमा होई आणि त्यातून डॉक्टर व औषधपाणी मिळे.

जुने भागीदार या खर्चाला कंटाळले. त्यांना नफा हवा होता. १८१३ च्या अखेरीस ग्लासगोत गिरणीचा लिलाव झाला आणि ओवेनने नवे भागीदार मिळवून १,१४,१०० पौंडांना ती पुन्हा मिळवली. या नव्या भागीदारांत तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम होते आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे विल्यम ॲलन होते. भांडवलावर ५ टक्क्यांपेक्षा जास्त लाभांश घ्यायचा नाही, उरलेले पैसे गावासाठी वापरायचे, असे त्यांनी ठरवले. ओवेन परतला तेव्हा लोकांनी त्याच्या गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढत गावात नेली.

१ जानेवारी १८१६ रोजी चारित्र्यघडणीची संस्था नावाची दुमजली इमारत उघडली, आणि न्यू लॅनार्कमध्ये मला सर्वांत मोलाचे वाटते ते इथे घडले. दहा वर्षांखालच्या मुलाला गिरणीत घ्यायचे नाही, हा नियम झाला. नुकते चालायला लागलेले मूलही या शाळेत येई. ब्रिटनमधली ही पहिली बालशाळा मानली जाते. शिक्षक निवडताना ओवेनने पदव्या पाहिल्या नाहीत. जेम्स ब्यूकॅनन हा हातमागावरचा विणकर होता आणि फारसा शिकलेला नव्हता. त्याच्या मदतीला मॉली यंग ही सतरा वर्षांची गिरणीतली मुलगी होती. दोघांना मुलांचा लळा होता, एवढे ओवेनला पुरेसे होते. त्याने त्यांना दिलेल्या सूचना थोडक्या होत्या: मुलाला कधीही मारायचे नाही, दरडावायचे नाही, आणि मुलांनी एकमेकांना आनंदात ठेवावे हे त्यांना शिकवायचे. लहान मुलांना पुस्तकांचा जाच नव्हता. भिंतींवर प्राण्यांची चित्रे आणि नकाशे टांगलेले असत; कॅथरीन व्हिटवेल या शिक्षिकेने इतिहासाचे मोठे रंगीत पट रंगवले होते. नदीकाठी फिरायला न्यायचे, मुले जे उचलून आणतील त्यावर बोलायचे. गाणे आणि नाच रोजचा. ही शाळा पाहायला युरोपभरातून माणसे येत. १८१५ ते १८२५ या दहा वर्षांत गावात सुमारे २०,००० पाहुणे आले आणि पुढे रशियाचा झार झालेला राजपुत्र निकोलस त्यांतलाच एक.

ही शाळा वाचताना मला बोर्डी आठवते. पालघरच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली. शंख, शिंपले, पाने, बिया हीच तिथली साधने होती. ओवेनची शाळा गिरणीच्या मालकाने दिली होती आणि ताराबाईंची शाळा स्वतः दारोदार जाऊन उभी राहिली, पण मुलाच्या हातात आधी वस्तू आणि मग पुस्तक द्यावे ही समज दोन्हीकडे सारखी होती. न्यू लॅनार्कची शाळा मालकांची असल्याने ती मालकांच्या मतभेदात सापडली. विल्यम ॲलन यांना नाच आणि धर्मशिक्षणाचा अभाव पटत नव्हता. १८२४ मध्ये शाळेची सूत्रे ओवेनच्या हातून गेली आणि नाच बंद झाला.

या सगळ्या चांगुलपणाखाली एक काळी बाजू होती आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. गिरणीत येणारा कापूस वेस्ट इंडिज आणि अमेरिकेतून येई आणि तो पिकवणारे हात गुलामांचे होते. डेल हा ग्लासगोतल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष होता, आणि तरी त्याची यंत्रे याच कापसावर फिरत होती. क्लाइडकाठी मुलाला मार बसत नव्हता. त्याच धाग्याच्या दुसऱ्या टोकाला फटके होते.

मुलांच्या कामाचे तास कायद्याने ठरवावेत यासाठी ओवेन लंडनला खेटे घालत राहिला. १८१९ चा कायदा झाला तो पुष्कळ पातळ होऊन: कापसाच्या गिरणीत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी आणि सोळा वर्षांखालच्यांना दिवसाला बारा तासांची मर्यादा. तपासणीची धड व्यवस्थाही त्यात नव्हती. भारतात पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये आला, आणि तो सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास काम करू देत होता.

आता आपल्या बाजूचा प्रश्न घेऊ. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी चालू झाली. मग मुंबईत न्यू लॅनार्क का झाले नाही? माझ्या मते याचेही मुख्य उत्तर यंत्राला शक्ती कशी मिळते यातच आहे. मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालल्या. कोळसा जहाजाने बंदरात येई, म्हणून गिरणीला डोंगरात जावे लागले नाही. ती बंदरापाशी उभी राहिली आणि माणसे दाभोळ, जयगड, रत्नागिरी, वेंगुर्ल्याहून बोटीने स्वतःच्या पैशाने तिच्या दारात आली. गैरहजर कामगाराच्या जागी बदली म्हणून काम मिळावे यासाठी दारावर रोज माणसे उभी असताना मालकाने गाव कशासाठी बांधावे? काही मालकांनी आणि १९२० च्या दशकात सरकारने चाळी बांधल्या, पण त्या पुरण्यासारख्या नव्हत्या.

मालकाने गाव दिले नाही, तेव्हा कोकणी माणसाने ते स्वतः वसवले. एकाच गावच्या पंधरा-वीस जणांनी मिळून खोली घ्यायची, तिला गाळा म्हणायचे, दिसपाळीवाला उठला की त्याच्या जागी रातपाळीवाल्याने पथारी टाकायची. गावातली किंवा ओळखीची एखादी बाई खानावळ चालवी आणि पगाराच्या दिवशी हिशेब होई. गावकरी मंडळाची वर्गणी असे. तिच्यातून आजाऱ्याला गावी पाठवायचे, मयताचा खर्च करायचा, गावच्या शाळेला पत्रे घालायचे. ओवेनच्या साठाव्या हिश्शाच्या निधीचे काम आमच्याकडे या मंडळाच्या वहीने केले. आठवड्याची सुट्टीही कोणा मालकाच्या मनात आली म्हणून मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा घेतल्या, हजारो सह्या गोळा केल्या आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. न्यू लॅनार्कमध्ये हवेशीर घर होते आणि शाळा होती. गाळ्यात श्वास घ्यायला जागा नव्हती. पण मंडळाच्या वहीवर माझ्या आजोबांचे नाव आहे, पूर्ण नाव, गाव आणि वाडीसकट.

ओवेनने १८२५ मध्ये न्यू लॅनार्क सोडले. अमेरिकेत इंडियाना राज्यात न्यू हार्मनी नावाची समतेची वसाहत त्याने विकत घेतली होती. दोन-तीन वर्षांतच तिथली मंडळी आपसांत फुटली आणि त्याची बरीचशी संपत्ती त्यात गेली. १७ नोव्हेंबर १८५८ रोजी जन्मगावी, न्यूटाउनलाच, त्याचा मृत्यू झाला. न्यू लॅनार्कची गिरणी वॉकर कुटुंबाने १८८१ पर्यंत चालवली. त्यानंतर ती गुरॉक येथील दोरखंड बनवणाऱ्या कंपनीकडे गेली आणि तिथे जाड कॅनव्हास व मासेमारीची जाळी तयार होऊ लागली; हर्णै किंवा मालवणच्या माणसाला या गिरणीच्या मालाची ओळख अशी पटकन पटेल.

१९६८ मध्ये गिरणी बंद झाली. काही काळ तिथे भंगार धातूचा धंदा चालला, छपरे गळू लागली आणि सगळे पाडून टाकावे असा विचारही झाला. १९७० च्या दशकात स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेने एकेक इमारत दुरुस्त करत गाव परत उभे केले आणि २००१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ते नुसते प्रदर्शन नाही: जुन्या ओळींतल्या दुरुस्त केलेल्या घरांत आजही कुटुंबे राहतात, एका गिरणीचे हॉटेल झाले आहे, दुसऱ्या गिरणीत जुन्या यंत्रावर लोकरीचे सूत कातले जाते, आणि डेलने काढलेल्या त्याच पाटाचे पाणी टर्बाइनवर पडून वीज तयार करते.